हिरवा झोत, पांढरी गाडी

पठारावरच्या त्या गावात घरं मोठी आणि माणसं कमी. सांगली जिल्ह्याचं ते टोक. समोरचा डोंगर ओलांडला की साताऱ्याची हद्द. बहुतेक कुटुंबं गलाईच्या धंद्यातली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं हे काम इथली माणसं दूरदूरच्या शहरांत जाऊन करतात, गावाकडे दुमजली बंगले बांधतात आणि यात्रेच्या दिवसांत त्यांची कुलपं काढतात. एरवी संध्याकाळी गावातून चालत गेलं तर एका ओळीतल्या सहा-सात घरांपैकी एखाद्याच घरात दिवा असतो.

त्या हिवाळ्यात या पट्ट्यात ड्रोनचा बोभाटा होता. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या माझ्या टेबलावरून जात. रात्री गावावर ड्रोनच्या घिरट्या, ग्रामस्थांमध्ये घबराट, अशा मजकुराची एखादी बातमी रोज असायची. ड्रोन कुणी पकडलेला नव्हता. ज्या गावांवर घिरट्या घातल्या त्या गावांत चोरी झाल्याचं कुठल्या बातमीत नव्हतं. तरीही चोर ड्रोनमधून बंद घरं हेरतात, ही गोष्ट ठरून गेली होती. गावोगाव गस्ती सुरू झाल्या होत्या. एका गावात घोंगड्या विकणाऱ्या दोघांना झाडाला बांधून मारल्याची बातमी आली, तेव्हाही शीर्षकात ‘संशयित’ हाच शब्द गेला. आम्ही तो बदलला नाही, कारण दुसरा कुठला घालायचा हे कुणालाच ठरवता आलं नाही.

अशा दिवसांत आमच्या खगोल मंडळाचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम त्या पठारावर ठरला. मंडळ सांगली-मिरजेतल्या हौशी लोकांचं. अमावास्येच्या आसपासच्या रविवारी आम्ही कुठेतरी बाहेर पडायचो आणि येईल त्याला दुर्बिणीतून आकाश दाखवायचो. सांगलीत उसाच्या पट्ट्यातलं धुकट आभाळ; महाबळेश्वरला हॉटेलांचे दिवे; औंधकडे बरं असायचं. पण या पठारासारखा काळोख कुठेच नव्हता. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे सोडले तर काहीच नाही.

गावातून निमंत्रण सुभेदारांचं होतं. फौजेतून निवृत्त झालेले, दोन्ही मुलगे गलाईच्या धंद्यात बाहेर. गावाच्या गस्तीचे ते प्रमुख. दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेच्या मैदानावर त्यांनी पाणी मारून धूळ बसवून ठेवली होती.

“ड्रोनच्या नादानं पोरं आभाळाकडं बघून भ्यायला लागल्यात,” ते म्हणाले. “म्हटलं, एकदा नीट बघू तरी द्या, वर काय काय हाय ते.”

आम्ही तिघं आधी आलो होतो. मी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई, ज्या माहिती सांगायच्या, आणि वहिनी. वहिनी म्हणजे मिरजेच्या डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं काच घासून दुर्बिणीचा आरसा बनवला होता. ती मोठी दुर्बीण, माणसाच्या उंचीची पांढरी नळी, त्यांच्या पांढऱ्या व्हॅनमधून यायची होती. विट्याजवळ व्हॅनचं चाक बसलं आणि ते मागे राहिले. वहिनी आमच्या गाडीत आल्या होत्या, कारण व्हॅनमध्ये नळी आडवी ठेवली की दुसऱ्या माणसाला जागाच उरत नसे.

“आठ महिने आरसा घासत होते,” वहिनी सुभेदारांच्या सूनबाईंना सांगत होत्या. “बेसिनवरचा आरसा मात्र आजवर एकदा पुसला नाही. मी म्हटलं, त्यात निदान माणूस दिसतो.”

“आवं, ह्यातनं काय दिसतंय मग?”

“धुरकट ठिपका. त्याला ते दीर्घिका म्हणतात.”

सुभेदारांनी आम्हांला गावातली फोनची सोय दाखवली. तिचा त्यांना अभिमान होता. ठरलेला नंबर लावायचा, बोलायचं, आणि तेच बोलणं त्या गावातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी वाजायचं. आग, बिबट्या, चोर, काहीही असो. बोलायला वेळ थोडा मिळे. तो संपला की लाइन आपोआप बंद होई. आलेलं बोलणं फोनमध्ये साठून राही आणि पुन्हा ऐकता येई. “आमच्याकडं तोफ न्हाई, पण ह्ये हाय,” ते म्हणाले.

आमची नेहमीची एक विनंती असायची, कार्यक्रमाच्या वेळात रस्त्यावरचे दिवे घालवावेत. सुभेदारांनी ती मान्य केली. अंधार पडताच गाव एकदम विझलं. आमच्या बॅटऱ्यांना लाल कागद लावलेला असतो, कारण लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. मैदानावर आमचे तीन लाल ठिपके हलत होते, बाकी काळोख. कुंपणापाशी एक बाई कुणाला तरी म्हणाली, “मला न्हाई बाई बरं वाटत ह्ये. दिवे घालवून कुणाची वाट बघतुया आपण?”

माणसं मात्र बरीच आली. म्हातारी माणसं, लेकी-सुना, शाळेतली पोरं. आमच्या गाडीतून आणलेल्या लहान दुर्बिणीवर शनी लावला होता. त्या वर्षी शनीची कडी जवळजवळ आडवी झाली होती आणि दुर्बिणीतून बारीक रेघेसारखी दिसत होती.

“कडं कुठाय?” एक आजोबा डोळा लावून म्हणाले. “लिंबाला सुई टोचल्यागत दिसतंय ह्ये.”

“तीच सुई म्हणजे कडी, आजोबा.”

“मग पुस्तकात लय फुगवून छापलीया.”

“आबा, सरका आता. शनीला घरी न्यायचाय का?” मागून एक सूनबाई ओरडली आणि रांग हसली.

मधल्या वेळात बाई लेझरच्या हिरव्या किरणानं तारे दाखवत होत्या. हे हातात मावणारं साधन. त्याचा किरण अंधारात वर आभाळापर्यंत जाणाऱ्या काठीसारखा दिसतो आणि कुठला तारा ते शेवटच्या माणसालाही कळतं. आधी डोक्यावरची देवयानी, मग पूर्वेकडच्या कृत्तिका. मग त्यांनी किरण दक्षिणेकडे वळवला. शनीच्या बराच खाली, क्षितिजालगत, एकच ठळक तारा होता. त्याच्यापर्यंत किरण नेताना तो जवळजवळ आडवा झाला. त्या बाजूला, पठाराच्या पायथ्याशी, खालचं गाव होतं. विट्याहून येणारा रस्ता त्याच गावातून वर येतो.

प्रकाशाच्या रेषेबद्दल एक गोष्ट आम्ही कधी विचारात घेतली नव्हती. ती दुरून पाहणाऱ्याला तिचं कुठलं टोक सुरुवातीचं आणि कुठलं शेवटचं, हे ओळखता येत नाही. आमच्याकडून वर गेलेला किरण खालून पाहणाऱ्यांना वरून उतरलेला दिसू शकतो. त्यातून वरचं गाव काळोखात बुडालेलं.

थोड्याच वेळात मैदानावरचे सगळे फोन एकदम वाजले.

ते ऐकणं विचित्र होतं. अंधारात पन्नासेक फोन, वेगवेगळ्या गाण्यांचे, एकाच क्षणी. माणसांनी ते उचलले आणि सगळ्यांच्या कानाशी एकच घाबरा पुरुषी आवाज बोलू लागला. “वरच्या गावातली लाईट घालवलीया. आभाळातनं हिरवा झोत पडतुया. आपल्या गावाकडं वळीवलाय. ड्रोनवाले आल्यात. सगळ्यांनी काठ्या घिऊन स्टँडवर या.”

मग कुणीतरी हसलं आणि सगळं मैदान हसायला लागलं.

“आवं, चोर म्हंजी आपणच की!”

“बाई, बंद करा ती काठी, न्हाईतर दरोड्यात घालत्याल!”

सुभेदारही हसत होते. बाईंनी किरण बंद केला होता. फक्त वहिनी हसल्या नव्हत्या. त्या सुभेदारांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “विट्याचा रस्ता खालच्या गावातूनच येतो ना?”

हसणं जसं आलं तसंच थांबलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. वहिनींनी लावला, बाईंनी लावला. चाक दुरुस्त करून निघाल्याचा त्यांचा निरोप येऊन बराच वेळ झाला होता. हिशेब सोपा होता. ते खालच्या गावाच्या आसपास असणार. एकटे, अनोळखी, पांढऱ्या व्हॅनमध्ये, चादरीत गुंडाळलेली माणसाच्या उंचीची नळी घेऊन.

“काय काळजी करू नका,” सुभेदार म्हणाले. “मी सांगतो समद्यांना.” त्यांनी तोच नंबर लावला, पाय जुळवून उभे राहिले आणि बोलू लागले.

गावात माइक हातात आला की माणूस आधी जसं बोलतो, तसंच ते बोलले. सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना नमस्कार. मग आपलं पूर्ण नाव, हुद्दा, पलटण. मग आज आपल्या गावी खगोल मंडळाचे मान्यवर पाहुणे आलेले आहेत. मग घाबरण्याचं कारण नाही. मग मुद्दा. सूचनेची भाषा म्हणून त्यांनी ती शुद्ध ठेवली. “पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ लांब नळकांडं घेऊन येत आहेत. त्यांना वाटेत अडवू नये.”

आम्ही समोर उभं राहून ते ऐकलं आणि आम्हांला ते ठीक वाटलं.

मग फोन पुन्हा एकदम वाजले. सुभेदारांचाच आवाज आता सगळ्यांच्या कानाशी. नमस्कार, नाव, हुद्दा, पलटण, पाहुणे. घाबरण्याचं कारण नाही. पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ लांब नळकांडं घेऊन येत आहेत. त्यांना वाटेत अडवू. आणि टूं-टूं.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. बातमीत जागा कमी पडली की आम्ही शेवटची ओळ कापायचो, पण शेवटचा शब्द कधी कापत नसू, ते याचसाठी. इथे तर उरलेलं वाक्य अर्धवटही वाटत नव्हतं. त्यांना वाटेत अडवू. आपण सगळे मिळून अडवू. सुभेदारांच्या आवाजात, नाव-हुद्द्यासकट.

“‘नये’ कुठाय?” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली होता. “सुभेदारसाहेब, ‘नये’ कुठाय?”

सुभेदारांनी पुन्हा नंबर लावला. व्यस्त. आता खालच्या गावातलं कुणीतरी बोलत असणार. त्यांनी तिथल्या दोघा ओळखीच्यांना फोन केले, कुणी उचलेना. मी गाडी काढली. सुभेदार पुढे, वहिनी मागे. बाई मैदानावर थांबल्या. गावातली दोघं मोटारसायकलवरून मागोमाग निघाली.

उताराचा तो रस्ता लांब नाही, पण वळणं बरीच आहेत. प्रत्येक वळणावर खालचं गाव दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. आधी नुसते दिवे दिसले. पुढच्या वळणावर स्टँडपाशी बॅटऱ्यांचा पुंजका दिसला. त्याच्या पुढच्या वळणावर तो पुंजका स्थिर होता, हलत नव्हता. सुभेदार स्वतःशीच पुटपुटत होते, “म्हनलो हुतो मी. नये म्हनलो हुतो.”

स्टँडपुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी लावलेली होती. तिच्या पलीकडे व्हॅन, पुढची काच फुटलेली, दोन्ही दारं उघडी. नळी बाहेर रस्त्यावर आडवी पडलेली होती आणि तिच्याभोवती बरीच मोकळी जागा होती, कारण माणसं तिच्या तोंडासमोर उभी राहायला तयार नव्हती. डॉक्टर शेडच्या कट्ट्याला टेकून जमिनीवर बसले होते. हात दोरीनं बांधलेले. कानाच्या वरून रक्त गळ्यापर्यंत उतरलेलं. दोन-तीन पोरं त्यांचा व्हिडिओ काढत होती.

वहिनी गर्दीतून सरळ गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी खाली बसून आधी दोरी सोडायला घेतली; गाठ सुटेना, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाल्या, “विळा द्या.” त्यानं दिला.

सुभेदार ओरडत होते. “कुणी हात लावला ह्यांना? माझा आवाज ऐकला न्हाई का तुमी?”

“ऐकला की,” ट्रॅक्टरवर बसलेला माणूस म्हणाला. तो घाबरलेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. “म्हणून तर अडवलं. तुमीच म्हनला, वाटेत अडवू. आमी आपलं अडवलं.”

“नये म्हनलो मी! अडवू नये!”

“ते काय आलं न्हाई बगा,” तो म्हणाला आणि खिशातून फोन काढून पुन्हा ऐकवायला लागला. सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना नमस्कार. सुभेदार आपलंच बोलणं शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

नेमकं काय झालं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. गाडी थांबवली तेव्हा लोक नीट बोलत होते. नळीत काय आहे, विचारलं. आरसा आहे, ते म्हणाले. आरसा कशाला एवढा मोठा, दाखवा. त्यांनी स्वतःच चादर सोडली, नळीच्या तोंडावरचं झाकण काढलं. सात-आठ बॅटऱ्या एकदम आत रोखल्या गेल्या. तो आरसा उजेड गोळा करण्यासाठीच घासलेला. सगळा उजेड गोळा होऊन त्याच माणसांच्या डोळ्यांवर फेकला गेला. कुणीतरी किंचाळलं. पहिली काठी कुणाची, ते त्यांना दिसलं नाही, कारण त्यांचेही डोळे दिपले होते.

आम्ही त्यांना मिरजेला आणलं. तासगावपर्यंत ते बोलत होते, आरसा फुटला का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. वहिनी दर वेळी नाही म्हणत होत्या. त्यांनी तो पाहिलेला नव्हता. तासगावनंतर ते बोलायचे थांबले. डोक्यात रक्त साकळलं होतं. पहाटे शस्त्रक्रिया झाली.

ते वाचले. चालण्यात थोडा कल राहिला आणि डाव्या कानानं ऐकू येणं गेलं. पोलिसांत तक्रार झाली, जबाब झाले. खालच्या गावातल्या प्रत्येक फोनमध्ये सुभेदारांचा तो संदेश होता आणि प्रत्येक जबाबात तो आला. सुभेदार दोनदा मिरजेला आले. दोन्ही वेळा वहिनींनी त्यांना चहा दिला आणि डॉक्टर झोपलेत म्हणून सांगितलं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. तो व्हिडिओ. हात बांधलेला, रक्तानं माखलेला वयस्कर माणूस आणि समोर पांढरी नळी. खाली ओळ होती, ‘ड्रोनवाल्या टोळीचा म्होरक्या पकडला’. आमच्या दैनिकानं दुसऱ्या दिवशी खरी हकिगत पहिल्या पानावर छापली. शीर्षक मी दिलं होतं आणि त्यात कुठलाही शब्द संदिग्ध नव्हता. बातमी एक दिवस चालली. व्हिडिओ चालतच राहिला. खटावात गेला, माणमध्ये गेला, जतला गेला. गावाचं नाव दर वेळी बदलायचं. आठवड्याभरानं तो माझ्याच टेबलावर एका वार्ताहराकडून बातमी म्हणून आला, आमच्या गावात काल रात्री पकडलेला चोर, असं सांगून. मी त्याला फोन करून हे कोण आहेत ते सांगितलं. तो म्हणाला, “असतील साहेब, पण लोक तर हाच म्हणतायत.”

डॉक्टरांना आम्ही हे बरेच दिवस सांगितलं नाही. वहिनींनी मात्र त्यांना एकट्यानं बाहेर जाऊ देणं बंद केलं. डॉक्टरांनी दाढी वाढवावी असं त्यांनी सुचवलं. का, ते सांगितलं नाही.

उन्हाळा लागता लागता त्यांच्या एका जुन्या रुग्णाच्या घरी, वडूजजवळ, लग्न होतं. डॉक्टरांनी जायचा हट्ट धरला. गाडी मी चालवली, वहिनी मागे बसल्या. भर दुपारी परत निघालो आणि एका पंपावर डिझेलसाठी थांबलो. डॉक्टर पुढच्या सीटवर, काच खाली, उजवा कान बाहेरच्या बाजूला यावा म्हणून मान वळवून बसलेले. पंपावरच्या माणसानं टाकीत पाइप घातला, आकडा लावला आणि सहज आत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. खिशातून फोन काढला, अंगठ्यानं वर-खाली केलं, थांबला. हवा भरायच्या यंत्रापाशी दोघं बसले होते, त्यांच्याकडे त्यानं एकदा बघितलं.

मग तो खिडकीशी वाकला. आवाज गोड होता, इकडे कुणीही अनोळखी माणसाला विचारतो तसाच.

“पाव्हणं कुठलं म्हणायचं?”

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे हसून तोंड उघडलं. मागून वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः उत्तर दिलं. “मिरजेचे. दवाखान्यात निघालोय, जरा घाई आहे.”

“हां, हां,” तो म्हणाला.

टाकी भरून आकडा थांबला होता. पाइप तसाच आत होता. तो काढायला तो वळला नाही. यंत्रापाशी बसलेले दोघं उठून उभे राहिले होते.

“कुठल्या दवाखान्यात?” त्यानं विचारलं.